पाऊस आभाळाचा, दुष्काळ कोणाचा?

मृग कोरडा गेला, आर्द्राही तशीच गेली, की आमच्या खेड्यापाड्यांतून एकच उद्गार कानी येऊ लागतो, "देवाची अवकृपा झाली, तेथे माणसाने काय करावे?" मग कोणी ग्रामदैवतास पाण्यात कोंडतो, कोणी धोंडी काढतो, कोणी दारोदार वर्गणी जमवून पर्जन्ययाग मांडतो, आणि जे चार पायली धान्य रयतेच्या घरी उरलेले असते तेही धूर होऊन आभाळाकडे जाते. आभाळास त्या धुराचा पत्ता लागत नाही. दुष्काळास मात्र आमच्या घरांचे पत्ते अचूक ठाऊक असतात. तो गावात शिरला म्हणजे विहीरबागायतीच्या वाड्यावरून पुढे जातो आणि कोरडवाहू कुणब्याच्या व भूमिहीन मजुराच्या झोपडीत ठाण मांडून बसतो. अवकृपा जर सर्वांवर सारखी झाली, तर दुष्काळाने हा पंक्तिप्रपंच का करावा? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमच्या भाषेने या गोष्टीचा उलगडा फार पूर्वी करून ठेवला आहे. पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण. त्या अवर्षणाने माणसाच्या पोटात अन्न न जाणे, दावणीची गुरे खाटकाकडे जाणे आणि गाव ओस पडणे म्हणजे दुष्काळ. पहिले आभाळाचे काम, दुसरे माणसांच्या व्यवस्थेचे. या दोहोंच्या मधोमध एक किल्ली असते. कधी ती धान्याच्या कोठाराची असते, कधी सावकाराच्या पेटीची, तर कधी धरणाच्या दाराची. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आमच्या आयाबहिणी पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या. तीत काय आहे? लोक उपाशी मरत होते आणि बादशहाचे कोठार भरलेले होते. एका अंमलदाराने ते उघडले आणि माणसे जगली. कथेतला चमत्काराचा भाग ज्याला मानायचा त्याने मानावा. परंतु गावात धान्य असूनही माणसे मरतात, ही तीतली मूळ गोष्ट चमत्काराची नाही, व्यवहाराची आहे.

आभाळाचा हिशेब आधी चोख मांडू; कारण ज्याचा जेवढा दोष तेवढाच त्याच्या पदरी घालावा. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री अडवितो. म्हणून महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यास पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, आष्टी हा सारा मुलूख डोंगराच्या पाठीमागचा, पर्जन्यछायेचा. येथे पाऊस थोडा पडतो आणि जो पडतो त्याचाही भरवसा नसतो. त्यातच काही वर्षी दूरच्या पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते. शास्त्रज्ञ त्यास एल निनो म्हणतात. तो आला म्हणजे पुष्कळदा आमचा पाऊस आखडतो. १८७७, १९७२ आणि २०१५ ही तिन्ही साले एल निनोचीच होत. हा नियमही अगदी अटळ नाही; १९९७ साली तो समुद्र फार तापला होता, तरी देशाच्या पावसाने सरासरी गाठलीच. असो. समुद्रावर राग धरून उपयोग नाही. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, त्याच डोंगराआड, त्याच मातीवर तीनदा पाऊस हटला असता तिन्ही वेळी माणसांची गत निरनिराळी का झाली?

पहिली वेळ पाहा. १८७६ साली सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांतून पाऊस गेला. परंतु रयत नागवली गेली ती त्याच्या आधीच. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी चालू होती, तोवर आमच्या कापसास सोन्याचा भाव आला. ती मिटताच भाव कोसळला. तीस वर्षांची मुदत भरलेल्या तालुक्यांत सरकारने नवी पाहणी करून सारा वाढविला. सारा रोख, आणि हप्त्याची तारीख ठरलेली. पाऊस पडो वा न पडो. म्हणून सुगीतच धान्य बाजारी जाऊ लागले आणि जी पेवे वाईट सालासाठी राखावयाची ती रिकामी राहू लागली. कुलकर्ण्याने लिहावे, सावकाराने वाचावे आणि कुणब्याने अंगठा उठवावा, असा कर्जरोख्याचा रिवाज होता. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि दंग्याचे लोण गावोगाव पसरले. त्यांनी माणसांच्या जिवावर फारसा हात टाकला नाही. कर्जाचे कागद तेवढे हुडकून जाळले. अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या या रयतेस आपल्या दैन्याची किल्ली कोठे आहे हे बरोबर कळले होते.

अशा आधीच पिळून निघालेल्या माणसांवर पुढल्याच वर्षी अवर्षण आले. सरकारने कामे काढली खरी. परंतु खर्च वाचविण्यासाठी १८७७ साली सर रिचर्ड टेंपल याने मजुरीचे जे मान ठरविले ते दिवसभर राबणाऱ्या गड्यास एक रतल धान्य आणि एक आणा एवढेच होते. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्या मजुरीवर राबण्यापेक्षा कामे सोडून जाणे पत्करले. त्या काळातही हिंदुस्थानचा गहू जहाजांत भरून विलायतेस जातच होता. १८७६ ते १८७८ या काळात इंग्रजी मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. हे सर्व आभाळाने केले असे ज्यास म्हणवेल त्याने खुशाल म्हणावे.

त्या दिवसांत जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाची मंडळी होम करीत बसली नाहीत. १८७७ साली त्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळातील निराधार मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला आणि त्यासाठी लोकांकडे मदत मागितली. पुढे १८८३ साली लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी जो उपाय सांगितला तो आजही ताजा वाटावा असा आहे. सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून डोंगरउतारांवर ताली व बंधारे घालवावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांतून जिरत जिरत मग ओढ्यानाल्यांस मिळेल. नदीनाल्यांतला गाळ शेतकऱ्यांस नेऊ द्यावा. जंगलखात्याने घेतलेली गायराने गावांस परत द्यावीत. पाणलोट, मृदसंधारण हे आजचे भारदस्त शब्द तेव्हा जन्मास यावयाचे होते. जोतीरावांनी ओळखले होते ते इतकेच की, आभाळ थोडे देते तेव्हा जमिनीने ते धरून ठेविले पाहिजे, आणि जमिनीस धरावयास लावणे हे राज्याचे काम आहे.

आता दुसरी वेळ. १९७० पासून महाराष्ट्रात पाऊस हटत गेला आणि १९७२ साली तर त्याने पुरती पाठ फिरविली. विहिरी आटल्या, गुरे फार गेली, माणसांनी परदेशी लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तथापि १८७७ सारखी प्रेते रस्त्यांवर पडली नाहीत. का? पाऊस अधिक दयाळू होता म्हणून नव्हे. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. गावाजवळ काम निघाले, आठवड्यास हातात दाम पडले, आणि दाम असल्यामुळे धान्य परमुलखातून का होईना तेथवर चालत आले. रयतेच्या हाती मत होते, वर्तमानपत्रे होती, कचेरीवर मोर्चा नेण्याची हिंमत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच काळात फोफावली. १९७७ साली तिचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. शहरांतील नोकरदार व व्यापारी यांच्यावर कर बसवून त्या पैशातून खेड्यातील मजुरास काम मागण्याचा हक्क दिला गेला. पुढे २००५ साली देशानेही तसा कायदा केला. दुष्काळाने समाजास शिकविलेला हा सर्वांत मोठा धडा होय. जी गोष्ट भीक म्हणून मिळत होती ती हक्क म्हणून मागता आली, आणि त्या दिवशी भूकबळीची वाट पुष्कळ अंशी बंद झाली.

परंतु भूक आवरली म्हणून तहान आवरली असे झाले नाही. आणि येथूनच तिसऱ्या वेळेची कथा सुरू होते. दक्षिणेतील नीरा, प्रवरा यांसारखे कालवे इंग्रजी अमदानीत निघाले तेव्हा 'दुष्काळापासून संरक्षण' असेच त्यांचे कारण सांगितले जाई. वाईट साली ज्वारी-बाजरीचे पीक वाचावे, हा हेतू. पण चांगल्या पावसाच्या साली कोरडवाहू शेतकरी पाणी घेईना आणि खात्याची पाणीपट्टी वसूल होईना. तेव्हा बारमाही पाणी पिणारा ऊस हाच खात्याचा आवडता कुळ ठरला. पुढे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला. साखरेचा धंदा भांडवलदाराच्या मुठीतून काढून शेतकऱ्याच्या हाती देण्याचे ते काम मोठे होते. त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले, बहुजनांची मुले शिकली. हे उपकार जो विसरेल तो कृतघ्न.

तरीपण हिशेब तो हिशेब. उसास आमच्या मुलखात दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी लागते. रब्बी ज्वारीस चारपाचशे पुरते. म्हणजे एक एकर ऊस चार एकर ज्वारीचे पाणी पितो. जेथे आभाळ पाचशेच देते तेथे बाकीचे कोठून यावयाचे? धरणातून, नाही तर जमिनीच्या पोटातून. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने गेल्या दशकात दाखवून दिले की, महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आतबाहेर आहे, आणि सिंचनाच्या पाण्यापैकी ७० टक्क्यांच्या आसपास पाणी तोच पितो. मग उरलेल्या शहाण्णव टक्के जमिनीचा दुष्काळ आभाळातून पडला काय? १९७२ नंतर विंधन विहिरी घेण्याची चढाओढ लागली. शेजाऱ्याने दोनशे फूट खणले तर आपण तीनशे, आपण तीनशे तर तिसऱ्याने पाचशे. ज्याच्यापाशी पैसा त्याचे भोक खोल, आणि खोल भोकाने उथळ विहिरीचे पाणी ओढून घेतले. पाऊस नेहमीसारखा पडला असताही गरिबाची विहीर फाल्गुनात कोरडी पडू लागली. हे अवर्षण नव्हे. हा माणसांनी पाडलेला दुष्काळ होय.

त्याचा निकाल २०१५-१६ साली लागला. सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला, मांजरा धरणात पिण्यापुरतेही पाणी उरले नाही, आणि मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून पाच लाख लिटर पाणी घेतलेली आगगाडी लातुरास आली. १८७७ साली गाडीने धान्य जात होते, २०१६ साली पाणी आले. हा फरक थोडा नव्हे, आणि ज्यांनी ते पाणी पोचविले त्यांचे श्रेय त्यांस द्यावेच. परंतु त्याच हंगामात मराठवाड्यात उसाचे गाळप चालले होते, हेही लोकांनी पाहिले. घागरीस पाणी नाही आणि चरकास ऊस आहे, या दोन गोष्टी एकाच मुलखात एकाच वर्षी घडल्या.

समाज असा दुष्काळ घडवितो. आता दुष्काळ समाजास कसा घडवितो तेही पाहू. बीड जिल्ह्यातील कोरडवाहू कुटुंब दिवाळीच्या सुमारास घरास कुलूप लावून ऊसतोडीस निघते. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. जणू दोन माणसांचे मिळून एकच हत्यार! ज्या पाण्याचा थेंब यांच्या रानास मिळाला नाही, त्याच पाण्यावर पोसलेला ऊस तोडण्यास यांनी जावे, यापरती थट्टा कोणती? मुलांची शाळा बुडते. मागे एकट्या राहणाऱ्या मुलीची काळजी नको म्हणून तिचे लग्न वयाआधी उरकले जाते. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही, खाडा झाला तर दंड बसतो, फडात ना आडोसा ना पाणी. अशा स्थितीत दुखणे अंगावर काढलेल्या बाईस शस्त्रक्रियेची वाट दाखविली गेली. पावसाचे मान मोजणारी खाती आहेत. या बायांच्या अंगावर पडलेल्या दुष्काळाचे मान कोणत्या तक्त्यात मांडावे?

पाणी आटले म्हणजे जातीभेद आटत नाही, उलट वर येतो. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून माणुसकीचा हक्क बजावला. कायद्याने तो झगडा मिटला. पण ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तेथे टँकर आधी कोणत्या आळीत रिकामा होतो, हे वाचकांनी स्वतः पाहून ठरवावे. टंचाई ही जुन्या भिंतींची डागडुजी करणारी गवंडी आहे. ती रयतेस रयतेच्या अंगावरही घालते. गोदावरीच्या वरच्या अंगास नगर-नाशिकचा शेतकरी, खालच्या अंगास जायकवाडीवर डोळे लावलेला मराठवाड्याचा शेतकरी. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील टंचाई सर्वांनी सारखी सोसावी असे तत्त्व घातले. तरी प्रत्येक कोरड्या सालाप्रमाणे २०२३ सालीही पाणी सोडण्यावरून दोन्ही काठ भांडले. त्या साली देशातील ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला होता आणि महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. दोन्ही काठांवरचे कोरडवाहू शेतकरी एकमेकांस शिव्या देत राहिले. दोन्ही काठांवरच्या उसाचा हिशेब मात्र कोणी कोणास विचारला नाही.

कोणी म्हणेल, हे रडगाणे झाले, उपाय सांगा. उपाय पुस्तकी नाहीत. ते आमच्याच गावांनी करून दाखविले आहेत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फडपद्धत फार जुनी. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत. पाणी कमी आले तर एखादा फड सर्वांचाच कोरडा राहतो. एकट्याचे घर बुडत नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की, पाणी जमिनीच्या मापाने नव्हे तर माणसांच्या डोक्यांच्या मापाने वाटावयाचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनासही वाटा, आणि उसास बंदी. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० नंतरच्या दशकात चळवळ करून नदीची थोडी वाळू विकली, त्या पैशातून बंधारा बांधला, त्यास बळीराजाचे नाव दिले, आणि भूमिहीनांसह सर्वांस सारखे पाणी ही अट घातली. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव दरवर्षी पावसाचे मोजमाप करून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. शेतीसाठी विंधन विहीर नको, ऊस नको, केळ नको, असा तेथे दंडक आहे. या चारही ठिकाणी आभाळ काही निराळे नाही. निराळा आहे तो नियम. आधी मोजा, मग वाटा, आणि वाटताना जमीन न पाहता माणूस पाहा.

आता एक कडू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १८७५ च्या सावकाराकडे बोट दाखविणे सोपे होते. तो परका वाटे, त्याची पेटी वेगळी दिसे. आज धरणाच्या दाराची किल्ली ज्यांच्या कमरेला आहे ते पुष्कळसे आमच्याच नात्यागोत्यातले आहेत. ते कारखान्याच्या सभेत शेतकऱ्यांच्या नावाने बोलतात, जोतीरावांच्या तसबिरीस हार घालतात, आणि पाण्याचा विषय निघाला की 'हा तांत्रिक प्रश्न आहे' म्हणून उठून जातात. ज्या चळवळीने जन्माने मिळणारा मान नाकारला, तिने कालव्याच्या काठी जन्मल्यामुळे मिळणारे पाणी मुकाट्याने मान्य करावे काय? ज्ञान एका वर्गाच्या घरात कोंडले गेले होते ते आम्ही अन्याय म्हणून ओळखले. पाणी एका वर्गाच्या रानात कोंडले गेले तर तोही अन्यायच. कोंडणारा आपला भाऊबंद आहे एवढ्याने त्याचा न्याय होत नाही.

ऊस लावणारा लहान शेतकरी यावर जे म्हणतो तेही आम्ही ऐकतो. त्यास उसाचा ठरलेला दर मिळतो, कारखाना माल उचलतो. ज्वारी-तुरीस हमीभाव कागदावर असतो आणि बाजारात व्यापारी मागेल तो भाव. मग त्याने ऊस का सोडावा? त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणूनच आम्ही त्यास दोष देत नाही. उसाच्या दरास जसा कायद्याचा आधार दिला, तसाच ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांच्या खरेदीस द्यावा, म्हणजे तो आपण होऊन पाणी वाचवील. उपदेशाने पीक बदलत नाही, भावाने बदलते.

शिवाय आभाळही आता पूर्वीचे राहिले नाही, आणि त्यातही माणसाचाच हात आहे. कोळसा व तेल जाळून मोठ्या राष्ट्रांनी व मोठ्या शहरांनी हवा तापविली. त्याचे फळ ज्याने आयुष्यात मोटारगाडी घेतली नाही त्या शेतकऱ्यास भोगावे लागते. शास्त्रज्ञांनी पाहिले आहे की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. पाऊस थोड्या दिवसांत पडतो आणि मधले खंड लांबतात. २०२३ साली कोरडा पडलेला मराठवाडा २०२५ च्या सप्टेंबरात पुराने वाहून गेला. असे पाणी जमिनीने धरले नाही तर ते माती घेऊन जाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा टँकर येतो. जोतीरावांच्या तालींची व बंधाऱ्यांची गरज तेव्हापेक्षा आता अधिक आहे.

तस्मात् आमचे मागणे स्पष्ट आहे. प्रत्येक ग्रामसभेने दसऱ्याच्या आत आपल्या विहिरींचे पाणी मोजून ताळेबंद फळ्यावर लिहावा. पिण्याचे पाणी आधी, गुरांचे त्यानंतर, अन्नधान्याचे त्यानंतर, आणि नगदी पिकांचे सर्वांत शेवटी, हा क्रम कोणासाठीही मोडू नये. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरांहून खोल विंधन विहिरीस मनाई लिहिली आहे. ती कागदावरून रानात उतरवावी. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या प्रत्येक धरणाच्या पाण्यात भूमिहीनाचाही वाटा असावा. त्याच्या घामानेच ती धरणे उभी राहिली. दुष्काळी कामाची मजुरी आठवड्यास हातात पडावी. उशिरा मिळालेली मजुरी म्हणजे सावकारास दिलेले आमंत्रण होय. आणि आणेवारी चावडीत बसून न ठरविता शेताच्या बांधावर, लोकांसमक्ष ठरवावी.

हे सर्व करावयाचे ते पाऊस चांगला झाला असता. दुष्काळ आला म्हणजे जो तो आपली घागर घेऊन धावतो, आणि धावणाऱ्या माणसाशी न्यायाची बोलणी होत नाहीत. विहीर काठोकाठ भरलेली असते तेव्हाच शेजारी शेजाऱ्याशी शांतपणे हिशेब करू शकतो. परंतु तेव्हा आम्ही काय करतो? मागची टंचाई विसरून आणखी एक एकर ऊस लावतो. आभाळ पुन्हा आखडणार आहे. डोंगर आपल्या जागी आहे, समुद्रही आपल्या जागी आहे. त्या दिवशी आमच्या गावांत नुसते अवर्षण यावे की दुष्काळ यावा, हे ठरविणे आभाळाकडे नाही. ते ग्रामसभेच्या सतरंजीवर बसणाऱ्यांकडे आहे. आणि शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, ती सतरंजी आज बहुतेक रिकामी आहे.